फुगडी सुटली की साखळी : विरघळणाऱ्या धाग्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात माझ्या मावशीच्या दोन प्रश्नांनी.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, इथेच, मीरा रोडला. डिस्चार्जच्या दिवशी मावशीने डॉक्टरांना विचारलं, "टाके काढायला कधी आणू याला?" डॉक्टर म्हणाले, "आणू नका. आपोआप विरघळतील." मावशी तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "विरघळतात म्हणजे जातात कुठे रे?"

त्याच आठवड्यात ती भाईंदरच्या मार्केटमधून भाजी घेऊन आली. पिशवी प्लॅस्टिकसारखीच, पण वर हिरवं पान छापलेलं आणि खाली लिहिलेलं, पर्यावरणपूरक, विघटनशील. मावशीने पिशवी माझ्यासमोर धरली. "आणि ही? हीपण त्या टाक्यांसारखीच विरघळणार का?"

मला वाटलं दोन मिनिटांत उत्तर देईन. वाचायला बसलो आणि पार शंभर वर्षं मागे गेलो. तर आज तीच गोष्ट.

आधी टाक्यांचं बघू. शरीरात विरघळणारा धागा ही काही नवी कल्पना नाही. कितीतरी शतकं वैद्य आणि सर्जन प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला धागा वापरत आले. इंग्रजीत त्याला कॅटगट म्हणतात, पण त्यात मांजराचा काही संबंध नाही. मेंढीचं किंवा गाईगुरांचं आतडं असतं ते. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी तात असायची, तिचीच ही बहीण समजा. शरीर या धाग्याला मांसासारखं पचवून टाकतं. पण गडबड अशी की पचवण्याचा वेग माणसागणिक बदलतो. एखाद्याच्या पोटात धागा टिकतो, तर दुसऱ्याच्या जखमेत पू झाला की लवकरच तुटतो. सर्जनला हवं असतं कॅलेंडर. धागा इतके दिवस घट्ट राहील आणि मग जाईल, असं. आतड्याकडे कॅलेंडर नसतं.

आता एकदम अमेरिकेत जाऊ. १९२८ साली वॉलेस कॅरोथर्स नावाचा तरुण केमिस्ट हार्वर्ड सोडून ड्यूपाँट कंपनीत आला. काम काय, तर छोटे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या बनवायच्या. म्हणजे पॉलिमर. १९३० मध्ये त्याच्या टीममधल्या ज्युलियन हिलने वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून वर ओढली, आणि मागे रेशमासारखा लांब धागा आला. ताणला की आणखी मजबूत व्हायचा. लॅबमध्ये आनंदीआनंद.

पण त्या पॉलिएस्टरमध्ये दोन खोट्या होत्या. एक, तो १०० अंशांच्या आतच वितळायचा. म्हणजे कपडा केला तर इस्त्रीखाली चिकटून बसणार. दुसरी खोट जास्त महत्त्वाची. पाणी त्याच्या साखळीला तोडायचं, हळूहळू, पण नक्की. कपड्याचा धागा पाण्यात तुटत असेल तर काय उपयोग? कॅरोथर्सने पॉलिएस्टर बाजूला ठेवले आणि दुसऱ्या जातीच्या साखळ्यांकडे वळला. २८ फेब्रुवारी १९३५ ला नायलॉन तयार झालं. (तीच तारीख आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो. पण तो १९२८ च्या रामन इफेक्टसाठी. नुसता योगायोग.)

नायलॉनचं यश बघायला कॅरोथर्स राहिला नाही. बरीच वर्षं त्याला नैराश्याने घेरलं होतं. एप्रिल १९३७ मध्ये, ४१ व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. नायलॉनची जाहीर घोषणा झाली १९३८ मध्ये.

नायलॉन काय करू शकतं हे बघायचं तर लांब जायला नको. भाईंदर वेस्टवरून बस पकडा आणि उत्तनला उतरा. किनाऱ्यावर जाळी पसरलेली दिसतील. पूर्वी आपल्या कोळ्यांची जाळी सणाची आणि सुताची असायची. ती कुजायची, म्हणून सारखी सुकवावी लागायची, दुरुस्त करावी लागायची. मग नायलॉन आणि त्याच्या पाठोपाठ इतर प्लॅस्टिकचे धागे आले. न कुजणारे, हलके, पाण्याला दाद न देणारे. कोळ्यांचं कष्टाचं काम कमी झालं, यात शंकाच नाही. पण एखादं जाळं तुटून समुद्रात राहिलं, तर तेही कुजत नाही. मासे मारत राहतं. पाण्याला दाद न देणं हा नायलॉनचा गुणही तोच आणि दोषही तोच. हे लक्षात ठेवा, कारण पॉलिएस्टरच्या गोष्टीत हेच उलटं घडणार आहे.

आता थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, मी बोर्डात केमिस्ट्रीला जेमतेम तरलोय.

दह्यात जे आंबट असतं ते लॅक्टिक ॲसिड. त्याच्या रेणूला दोन हात असतात, डावा आणि उजवा. एकाचा डावा हात दुसऱ्याच्या उजव्या हातात गेला की जोड होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. असे हजारो रेणू हातात हात घालून उभे राहिले की साखळी झाली. पण अडचण ऐका. प्रत्येक जोडाबरोबर पाणी सुटतं आणि तेच पाणी आधीचे जोड सोडवायला लागतं. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये दोन माणसं चढतात आणि दोन उतरतात, तसं. साखळी फार लांब होतच नाही. १८४५ मध्ये फ्रान्समध्ये पेलूझने लॅक्टिक ॲसिड तापवून बघितलं होतं. अशा सरळ पद्धतीने हाती लागतात ते तोकडे, ठिसूळ तुकडे.

यातून मार्ग निघाला फुगडीतून. आपल्या फुगडीत दोघी जणी एकमेकींचे दोन्ही हात धरतात ना? तसे लॅक्टिक ॲसिडचे दोन रेणू एकमेकांचे दोन्ही हात धरून बंद कडं करतात. या कड्याला म्हणतात लॅक्टाइड. जे काही पाणी सुटायचं ते कडं बनतानाच सुटून गेलेलं असतं. ते काढून टाकायचं, कडी शुद्ध करून कोरडी करायची. मग एका कड्याची एक बाजू सोडवायची. फुगडीतल्या दोघींनी एक हात सोडला की काय होतं? दोघींची छोटी रांग होते आणि दोन्ही टोकांना एकेक हात मोकळा राहतो. त्यातला एक हात मोठ्या रांगेच्या टोकाला धरतो. टोकाचा नवा मोकळा हात पुढची फुगडी सोडवतो. असं चालूच राहतं. यात पाणी कुठेच सुटत नाही, त्यामुळे साखळी हजारो कड्यांपर्यंत वाढते. हेच रिंग ओपनिंग पॉलिमरायझेशन, मराठीत कडं उघडून साखळी करणं.

कॅरोथर्सने हेही बघून ठेवलं होतं. १९३२ मध्ये त्याच्या गटाने लॅक्टाइड आणि त्याचं भावंड ग्लायकोलाइड यांवर काम छापलं. ग्लायकोलिक ॲसिड तुमच्यातल्या काहींच्या बाथरूममध्ये सीरमच्या बाटलीत आहे, तेच ते. ग्लायकोलाइड ही त्याची फुगडी. १९३४ मध्ये कॅप्रोलॅक्टोन आलं. त्यात एकच रेणू स्वतःचाच हात स्वतः धरून बसलेला असतो.

फुगडी सोडवायला एक मदतनीस लागतो. आज सर्वात जास्त वापरला जाणारा मदतनीस कथलाचं एक संयुग आहे. हो, कल्हईचं कथील. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांनी घराघरातली कल्हई संपवली, पण कथील असं दुसऱ्या दाराने, टाक्यांच्या धाग्यात, परत आलं.

तर १९३० च्या दशकातच रेसिपी तयार होती. १९५४ मध्ये ड्यूपाँटच्याच लोवेने लांब साखळीच्या पॉलिग्लायकोलिक ॲसिडचं पेटंट घेतलं. पण गिऱ्हाईक नव्हतं. पाण्यात तुटणारं प्लॅस्टिक घेणार कोण?

सर्जन घेणार. शरीर म्हणजे तरी काय, ३७ अंशांवरचं पाणीच की. जे प्लॅस्टिक पाण्यात, ठरलेल्या वेगाने, एन्झाइमची फारशी वाट न बघता तुटतं, ते सर्जनसाठी कॅलेंडर असलेला धागा झालं. तुटल्यावर उरतं लॅक्टिक ॲसिड किंवा ग्लायकोलिक ॲसिड. लॅक्टिक ॲसिड तर आपल्या स्नायूंत रोजच तयार होतं. शरीर ते जाळून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं. मावशीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. टाके काही अंशी श्वासातून बाहेर जातात!

आता एक नाव ऐका. १९६६ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या अमेरिकन जर्नलमध्ये एक पेपर आला, शस्त्रक्रियेत शरीरात बसवायच्या वस्तूंसाठी पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, वापरता येईल का यावर. पहिले लेखक, आर. के. कुलकर्णी. सोबत पाणी, न्यूमन आणि लेनर्ड. काम झालं अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड इथल्या बायोमेकॅनिकल प्रयोगशाळेत. गिनी पिग आणि उंदरांच्या शरीरात त्यांनी पीएलएची पूड ठेवली आणि बघितलं की पेशी बिथरतात का, आणि पूड किती हळू जाते. पेशी बिथरल्या नाहीत. पूड हळूहळू जात होती. १९७१ मध्ये कुलकर्णींच्या गटाचा पुढचा पेपर आला. त्यात कुत्र्यांच्या मोडलेल्या जबड्यात पीएलएच्या पिना बसवल्या होत्या. काळ व्हिएतनाम युद्धाचा होता. धातूची पट्टी बसवली की ती काढायला अनेकदा दुसरं ऑपरेशन लागतं. स्वतःहून नाहीशी होणारी पिन लष्कराला का हवी असेल हे वेगळं सांगायला नको.

आज पीएलएवरच्या जवळजवळ कुठल्याही मोठ्या आढाव्यात हा १९६६ चा पेपर सापडतो. मी तीन आढावे वाचले, तिन्हीत होता. आपल्या शाळेत मात्र नायलॉन शिकवतात आणि पुढे जातात.

बाजारात पहिला नंबर लागला ग्लायकोलाइडचा. अमेरिकन सायनामिड कंपनीच्या श्मिट आणि पोलिस्टिना यांचं पेटंट १९६७ चं, आणि १९७० मध्ये 'डेक्सॉन' नावाचा टाक्यांचा धागा आला. नंतर १९७४ मध्ये एथिकॉनने आणला 'व्हिक्रिल'. कुठल्याही सर्जनला विचारा, हे नाव त्याच्या जिभेवर असतं. व्हिक्रिलच्या पाकिटावर पॉलिग्लॅक्टिन ९१० असं लिहितात. हा ९१० म्हणजे मॉडेल नंबर नाही. ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड. दोन प्रकारच्या फुगड्या एकाच भांड्यात सोडवल्या, म्हणून हा कोपॉलिमर. तो ५६ ते ७० दिवसांत शरीरातून जातो. कॅलेंडर मिळालं.

पण एक गोष्ट राहिली. हे धागे कडक. एकच जाड धागा केला तर तो तारेसारखा ताठ राहतो, गाठ नीट बसत नाही. म्हणून बारीक तंतूंची वेणी घालावी लागली. वेणीच्या फटींतून ओलावा आत शिरतो आणि ओलाव्याबरोबर जंतूही. पेशींतून ओढताना वेणी घासते ती वेगळीच. सर्जनला हवा होता एकेरी, गुळगुळीत धागा. मऊ, पण मजबूत.

एकाच साखळीत मऊ आणि मजबूत दोन्ही कसं आणायचं? आता आपली लोकल घ्या. समजा बारा डब्यांत फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लासच्या सीटा कशाही विखुरल्या, एक इथे, एक तिथे. झाली ती खिचडी. सरासरी प्रवास सगळ्यांना मिळेल, पण कुणालाच धड काही मिळणार नाही. त्याऐवजी अख्खे डबे वेगळे ठेवले की प्रत्येक डबा आपापल्या गुणाने वागतो. साखळीतही तसंच. ग्लायकोलाइडची कडी सलग आली की ती शेजारच्या साखळीतल्या सलग कड्यांशी चिकटून घट्ट गठ्ठा करतात. हा मजबूतपणा. कॅप्रोलॅक्टोनचं प्रमाण जास्त असलेला भाग मऊ, लवचिक राहतो. दोन्ही एकाच साखळीत, पण आपापल्या डब्यात. याला म्हणतात ब्लॉक कोपॉलिमर.

आणि कडं उघडण्याच्या पद्धतीत हे जमतं, कारण साखळीचं टोक 'जिवंत' राहू शकतं. ही कल्पना १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी दुसऱ्या एका पॉलिमरवर दाखवली होती. भांड्यातल्या एका जातीच्या फुगड्या संपल्या तरी रांगेच्या टोकाचा हात मोकळाच असतो, वाट बघत. मग दुसऱ्या जातीच्या फुगड्या ओतायच्या. रांग पुढे वाढते आणि दुसरा डबा लागतो.

एथिकॉनमध्ये राव बेजवाडा आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. आधी कॅप्रोलॅक्टोनचं प्रमाण जास्त असलेला छोटा, मऊ तुकडा बनवला, मग त्याच्या टोकांना ग्लायकोलाइड वाढवत नेलं. एकूण ७५ भाग ग्लायकोलाइड, २५ भाग कॅप्रोलॅक्टोन. १९९० च्या दशकात तो 'मोनोक्रिल' म्हणून बाजारात आला. एकेरी, मऊ, ९० ते १२० दिवसांत नाहीसा होणारा. त्वचेच्या आतून टाके घालायला तो बराच वापरतात. माझ्या मावसभावाच्या पोटात नेमका कुठला होता ते पाकीट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण बाहेरून काढायला काहीच नव्हतं, म्हणजे याच खानदानातला कुणीतरी.

डब्यांची हीच युक्ती औषधातही चालते. साखळीचा एक डबा पाण्यात रमणारा आणि दुसरा पीएलएचा, पाणी टाळणारा. अशा साखळ्या पाण्यात टाकल्या की साबणासारखे बारीक गोळे होतात आणि पाण्यात न विरघळणारं कॅन्सरचं औषध त्यांच्या पोटात बसतं. दक्षिण कोरियात असं औषध रुग्णांना दिलं जातं.

सगळंच गोड झालं असं नाही हं. ॲबट कंपनीने पीएलएचा हार्ट स्टेंट काढला, ॲब्सॉर्ब नावाचा. कल्पना भारी. रक्तवाहिनी बरी झाली की स्टेंट गायब. अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये विक्री थांबवावी लागली. धातूपेक्षा कमजोर म्हणून त्याच्या पट्ट्या जाड ठेवाव्या लागल्या होत्या, आणि त्यात रक्ताच्या गुठळ्या व्हायचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघालं. शिवाय नुसत्या पीएलएला शरीरातून जायला काही वर्षं लागतात. टाक्याला जे जमलं ते हृदयात त्याच रूपात जमलं नाही.

आता मावशीचा दुसरा प्रश्न. पिशवी.

थ्रीडी प्रिंटरचा रोल हाताळला असेल तर तुम्ही पीएलए हाताळलंय. कोल्ड कॉफीचे काही पारदर्शक ग्लास पीएलएचे असतात. २००२ पासून अमेरिकेत नेब्रास्कात ते मक्यापासून प्रचंड प्रमाणात बनतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वर्षाला १०० टन लॅक्टिक ॲसिड, ६० टन लॅक्टाइड, ५५ टन पीएलए. बघा, मधली पायरी लॅक्टाइडच आहे. खंडोबाच्या जेजुरीत आता फुगडीपण चालते. आकडा छोटा आहे, पण ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात साखरेपासून पॉलिमर बनणं ही मला तरी मोठी गोष्ट वाटते.

मात्र 'विरघळतं' हा शब्द कधीच एकटा नसतो. त्याला कुठे, किती अंशांवर, किती दिवसांत असं विचारावं लागतं. पीएलए भराभर जायला ५८-६० अंशांचं, ओलं, जंतूंनी भरलेलं औद्योगिक कंपोस्ट लागतं. त्याच तापमानाच्या आसपास पीएलएच्या साखळ्या सैल होतात आणि पाणी आत शिरतं. उत्तनचा समुद्र कडक उन्हाळ्यातही तिशीच्या आसपास असतो. तिथे पीएलएचा ग्लास वर्षानुवर्षं ग्लासच राहतो. टाक्याचा धागा आणि हा ग्लास चुलत भावंडं आहेत, पण धाग्यात ग्लायकोलाइड आहे, तो केसासारखा बारीक आहे आणि ३७ अंशांच्या पाण्यात बुडलेला आहे.

आणि पिशवी? खरी कंपोस्टेबल पिशवी बहुतेक वेळा पीबीएटी नावाच्या दुसऱ्या पॉलिएस्टरमध्ये स्टार्च किंवा पीएलए मिसळून करतात. तिला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मानकाचा क्रमांक आहे आयएस/आयएसओ १७०८८. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या वेळी पाच हजार दंड, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस. त्यानंतर बाजारात हिरवी पानं फार उगवली. मावशीच्या पिशवीवर पान होतं. क्रमांक नव्हता, बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. ती साधं पॉलिथिन असेल तर तिच्यात पाण्याने तोडावा असा जोडच नाही.

शिवाय खरी पिशवी असली, तरी ती जाणार कुठे? आपल्या शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तिथल्या आगी आणि धूर, आणि त्याविरुद्ध उत्तनकरांची आंदोलनं, हे सगळं तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. चांगली पिशवी मिश्र कचऱ्यात गेली तर तिला ना साठ अंश मिळतात, ना ओलावा, ना वेळ. आणि जे नाल्यातून खाडीत जातं ते भरतीला डोल जाळ्यात येतं, बोंबलांबरोबर. ते निवडून बाजूला काढायचं काम कोळणी करतात. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. थोडक्यात, कारण तिची सिरियल लागली होती. ती म्हणाली, "म्हणजे पोटातलं विरघळतं आणि हातातलं नाही." मग पिशवीची घडी घालून गादीखाली ठेवली, इतर पिशव्यांच्या ढिगात.

तुमच्या घरी अशी पानवाली पिशवी आली असेल तर तिच्यावर १७०८८ आहे का बघा आणि फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात.